पाटाकडची केळ

फादर लेस्ली स्वयंपाकघराच्या दारातच खुर्ची ओढून बसले, तेव्हा एलिनाने ओळखलं की आज केळीचा विषय निघणार. एरवी ते बाहेरच्या खोलीत, फर्डिनंड मास्तरांच्या फोटोसमोर बसत. आज फोटोसमोर बसायचं त्यांच्या जिवावर आलेलं दिसत होतं.

"टीचर, बाकी सगळं तुम्ही मान्य केलंत," ते म्हणाले. "मोट हा शब्द गेला, सावकार गेला, तुम्ही हूं का चूं केलं नाहीत. ही एकच ओळ राहिलीय."

"मग राहू दे की."

"राहू दे म्हणजे तशीच राहू दे?"

"मराठी मीच शिकवलंय ना तुम्हाला? तसाच अर्थ होतो त्याचा."

फादर हसले. अकरावी-बारावीत ते एलिनाच्या वर्गात मागच्या बाकावर बसायचे. पुढे रोमला जाऊन हिब्रू शिकून आले आणि आता सांडोरच्या चर्चमध्ये होते, पण एलिनाच्या घरात आले की अजूनही चहाचा कप दोन्ही हातांनी धरत.

प्रकरण असं होतं. एलिनाचे वडील फर्डिनंड, गावाचे मास्तर, ईस्टरनंतर गेले. सत्तरच्या दशकात, मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, लॅटिनमधून मराठीत आली त्या दिवसांत, मास्तरांनी गावासाठी बायबलमधल्या स्तोत्रांचं मराठी केलं होतं. शाळा सांभाळून, रविवारी आणि सुट्टीत. त्याची एक लहानशी पुस्तिका निघाली. ती एकदाच छापली गेली, पण गावात असं घर नव्हतं जिथे ती नाही. कुठे तिच्यावर मेणबत्तीचं मेण सांडलेलं, कुठे पानं सुटून दोऱ्याने बांधलेली. दोन नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, सगळं गाव दफनभूमीत जमायचं आणि फादर थडग्यांवर पाणी शिंपडत पुढे जायचे, तेव्हा मास्तरांचं पहिलं स्तोत्र सगळे एका आवाजात म्हणायचे. तशी रीतच पडून गेली होती. यंदा त्या दिवसापर्यंत पुस्तिकेची नवी आवृत्ती काढावी, भाषा आजच्या मुलांना कळेल इतपत दुरुस्त करावी, असं फादरांच्या मनात होतं. आणि मास्तरांच्या मुलीचा होकार असल्याशिवाय एक अक्षर बदलायचं नाही, हेही त्यांनी ठरवलं होतं.

पहिल्या स्तोत्रात चांगल्या माणसाचं वर्णन आहे. मास्तरांनी ते असं केलं होतं:

*तो माणूस पाटाकडच्या केळीसारखा.*
*वेळ आली की फळतो, त्याचं पान करपत नाही,*
*तो जे हाती घेईल ते तडीला जातं.*

"मूळ स्तोत्रात नुसतं झाड आहे," फादर म्हणाले. "कुठलं झाड, ते सांगितलेलं नाही. बरं, दुसरं कुठलंही झाड असतं तरी मी काही बोललो नसतो. पण केळ? केळ एकदा घड देते आणि संपते. आपणच तोडतो तिला. स्तोत्रातलं झाड हंगामामागून हंगाम फळतं. अर्थ उलटा होतो, टीचर."

"पपा केळीवाल्याच्या घरात जन्मले. त्यांना हे माहीत नव्हतं असं वाटतं तुम्हाला?"

"तुम्ही शोकसभेत जे बोललात ते मी ऐकलंय."

शोकसभेत एलिना थोडकंच बोलली होती. ती म्हणाली होती की पपांनी केळ जाणूनबुजून निवडली. केळ जाते, पण जाण्याआधी तिच्या बुंध्याशी पिलं उभी राहिलेली असतात, म्हणून केळीचं बेट कधी मरत नाही. चांगला माणूस कसा फळतो, हे पपांना तसं सांगायचं होतं. हॉलमध्ये बायकांनी डोळ्यांना पदर लावले होते. स्टॅनीने, तिच्या भावाने, तिचा हात घट्ट धरला होता.

"सुंदर होतं ते," फादर म्हणाले. "पण ते स्तोत्रात नाही."

एलिनाने गॅस बंद केला. ती शांतपणे म्हणाली, "फादर, तुमचं झाडसुद्धा आजचंच आहे. ज्याला कुठल्याच झाडाचं नाव माहीत नाही, त्याचं झाड."

फादर इतके मोकळेपणाने हसले की चहा बशीत सांडला. "हे मी मान्य करतो. प्रवचनात वापरू का?"

"माझं नाव न सांगता."

जाताना ते म्हणाले, "रविवारपर्यंत थांबतो. तुम्ही नाही म्हणालात तर केळच छापू. पुस्तक मास्तरांचं आहे."

ते गेल्यावर ती फोटोसमोर उभी राहिली. खरं कारण तिने फादरांना सांगितलं नव्हतं. पपांचा आवाज तिला आता नीट आठवेनासा झाला होता. चेहरा आठवायचा, खोकणं आठवायचं, पण बोलणं आठवायला गेलं की मध्ये तिचाच आवाज यायचा. दुःखावरची पुस्तकं तिने बरीच वाचली होती, अशा गोष्टीसाठी त्यांत काही उपाय नव्हता. फक्त ती केळीची ओळ मनात म्हटली की पपा अख्खे ऐकू यायचे, 'पाटाकडच्या' या शब्दावर किंचित थांबणारे. ती ओळ गेली तर तिच्याकडे काय उरणार होतं, याचा विचार तिने अजून केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती प्लासिडमामांकडे गेली. साक्षीदार म्हणून त्यांच्याएवढं कोणी नव्हतं, कारण पपांचं भाषांतर त्यांच्याच ओटीवर झालं होतं.

पपांची काम करायची पद्धत सगळ्या गावाला माहीत होती. घरी टेबलावर ते कच्चं लिहीत आणि संध्याकाळी कागद घेऊन प्लासिडमामांच्या ओटीवर जात. तिथे वाडीतल्या बायका दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी भाजीच्या जुड्या बांधत बसलेल्या असत. पपा एका कडेला बसून वाचायला लागत. कसं वाटलं, असं कुणाला विचारत नसत. ते फक्त हातांकडे बघत. वाचताना जुड्या बांधणारे हात चालू राहिले तर वाक्य बरोबर. एखादीचा हात थांबला, तिने मान वर केली, की वाक्य चुकलं. मग ते तिथेच खोडत. लहानपणी एलिना त्यांच्या शेजारी बसून केळीच्या सोपाचे, म्हणजे बुंध्याच्या सालीचे, दोर ओलवून द्यायची आणि पपा बायकांच्या हातांकडे इतके टक लावून का बघतात, म्हणून तिला लाज वाटायची.

प्लासिडमामा आता नव्वदीला टेकले होते. ओटी तीच होती, फक्त शेणाच्या जागी लाद्या आल्या होत्या. रोझलिनमामी मुळ्याच्या जुड्या बांधत होती. आता विकायला नाही, चर्चच्या सणाला शेजारी वाटायला.

"ये, ये," मामी म्हणाली. "हा सकाळपासून वाट बघतोय, कोणीतरी येईल नि याची बडबड ऐकेल."

"तू ऐकत नाहीस म्हणून लोकांची वाट बघावी लागते," मामा म्हणाले. "बस गं. खाल्लंस काय?"

एलिनाने सगळं सांगितलं. मग म्हणाली, "मामा, फादरांना तुम्ही एकदा सांगा. केळीच्या ओळीवर पपांनी किती विचार केला होता, तुम्हाला माहीत आहे. तुम्ही तिथे होता."

मामांनी मामीकडे पाहिलं. मामीने जुडीवरची नजर काढली नाही.

"सांग की आता," ती म्हणाली. "किती दिवस पोटात ठेवणार?"

"काय सांगायचं?" एलिनाने विचारलं.

"तुझ्या पपाने त्या ओळीवर काय विचार केला नव्हता," मामा म्हणाले. "एक मिनिटसुद्धा नाय. इथे बसला होता, तू बसलीस तिथेच. कागदावर त्याने झाड असंच लिहिलं होतं. वाचताना थांबला, समोर बघितलं. समोर काय होतं? पाट, नि पाटाच्या कडेला केळी. त्याने झाड खोडलं, केळ लिहिलं, पुन्हा वाचलं. एकीचाही हात थांबला नाय. झालं. पुढच्या ओळीवर गेला."

"पण कोणाच्याच लक्षात आलं नाही?"

"कसं येणार? सगळ्यांच्या डोळ्यांपुढे तीच केळ. सगळ्यांना ती रोजची. वाक्य असं घशाखाली उतरलं, की त्यात काटा आहे हे कोणाला कळलंच नाय."

"मग कळलं कधी?"

मामा आता रंगात आले. "पुस्तक छापून आल्यावर. मी घड उतरवत होतो. नव्या पुस्तकाचं तेव्हा सगळ्यांना वेड, कामातसुद्धा तेच तोंडात. घड उतरवला, केळ तोडायला कोयता उचलला, नि तोंडात काय? 'वेळ आली की फळतो.' हात तसाच वर राहिला. म्हटलं, अरे देवा. हा चांगला माणूस, नि मी याला तोडतोय!"

मामी खुदकन हसली. "तसाच धावत गेला शाळेत. चिखलाच्या पायांनी. वर्ग चालू होता."

"मास्तर बाहेर आले. मी सांगितलं. आधी त्यांचा चेहरा पडला. मग असे हसायला लागले, असे हसायला लागले की भिंतीला धरून उभे राहिले. मुलं खिडकीतून बघत होती, मास्तरना काय झालं. मला म्हणाले, 'प्लासिड, आपण सगळे एकाच वाडीतले, म्हणून सगळे मिळून चुकलो. पुढच्या छपाईला आंबा लावू.' पुढची छपाई कुठे झाली? तुझी आई आजारी पडली, मग तुमची शिक्षणं. आंबा राहून गेला."

एलिना मांडीवरच्या हातांकडे पाहत बसली. तिची कानशिलं तापली होती. सगळ्या गावासमोर ती बोलली होती.

"शोकसभेत तुम्ही पहिल्या रांगेत होता, मामा. मला तेव्हाच का नाही सांगितलं?"

"इतकं छान बोललीस," मामा ओशाळून म्हणाले. "मला वाटलं, असंच असेल. मीच विसरलो असेन."

"रडला पण हा," मामी म्हणाली. "माझ्या रुमालात."

मामीने निघताना तिच्या हातात मुळ्याची जुडी कोंबली. एलिना रस्त्याने न जाता वाडीतून मागच्या वाटेने निघाली. पाट आता नव्हता. त्याच्या जागी काळे प्लास्टिकचे पाइप गेले होते, आणि विहिरीचं पाणी मचूळ झाल्यापासून मामांनी अर्ध्या वाडीत काही लावलंच नव्हतं. पण विहिरीजवळ राजेळी केळीची थोडी झाडं होती. ती तिथे थांबली.

पहिल्यांदा तिला राग आला, मामांचा नव्हे, पपांचा. इतकी वर्षं तिने त्या ओळीत खोली पाहिली होती. ती खोली तिने स्वतः खणली होती तर.

मग राग कुठे धरून ठेवावा हे तिला कळेना. तिच्या डोळ्यांसमोर पपा येत होते. शोकसभेतले, तिने रंगवलेले शहाणे पपा नव्हते ते. तिच्याहून कितीतरी लहान, तिशीतले पपा. दिवसभर वर्ग घेऊन दमलेले, गुडघ्यावर कागद, समोर बायका, त्यांच्यापलीकडे पाट. त्यांनी मान वर केली आणि जे दिसलं ते लिहिलं. हजारो वर्षांपूर्वीच्या, कुठल्या परक्या देशातल्या झाडाला त्यांनी काही विचार न करता आपल्या वाडीत आणून लावलं, कारण त्यांच्या लेखी ते परकं नव्हतंच. आणि भिंतीला धरून ते हसले होते. ते हसणं तिने कधी पाहिलं नव्हतं. ते आज मिळालं. ती एकटीच उभी होती, म्हणून तिलाही हसू आलं, आणि मग डोळे पुसायला तिने मुळ्याची जुडी या हातातून त्या हातात घेतली.

घरी आल्यावर तिने पपांच्या कपाटातलं आणखी जुनं स्तोत्रांचं पुस्तक काढलं, पपांच्याही आधीचं, एका परदेशी पाद्रीबुवांनी केलेलं. ते मराठी कुणा शास्त्रीबुवांकडून शिकले असावेत. त्यांच्या पुस्तकात हेच झाड 'तरुवर' होतं आणि ते 'सरितातटी' उभं होतं. गावातल्या म्हाताऱ्यांना तेच खरं शास्त्र वाटायचं. पपांची केळ आली तेव्हा काही जण म्हणाले होते, हा मास्तर देवाला बाजारात नेऊन बसवतोय. ते पपांना लागलं होतं, पण पाद्रीबुवांबद्दल ते कधी वाकडं बोलले नाहीत. "त्यांनी लिहून ठेवलं म्हणून मला खोडायला काहीतरी मिळालं," असं म्हणायचे.

हे तिने कित्येकदा ऐकलं होतं. आज ते तिला पपांच्याच आवाजात ऐकू आलं.

रविवारी मिस्सा झाल्यावर ती फादरांच्या खोलीत गेली आणि मामांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. काही वगळलं नाही, स्वतःचं भाषणही नाही. फादरांना हसावं की गंभीर राहावं हे कळेना.

"मग आंबा घालू या," ते म्हणाले. "मास्तरांची इच्छा होती."

"आंबा नको. आंबा त्यांचा. त्यांनी लावला असता तर लावला असता. तुम्ही झाड घाला."

"नक्की, टीचर?"

"नक्की. पण वृक्ष नको. झाड."

"वृक्ष म्हणण्याची माझी हिंमत नाही, तुमच्या वर्गात बसलोय मी." फादरांनी पेन्सिल उचलली आणि पुन्हा ठेवली. "एक गोष्ट मी तुम्हाला आधी सांगायला हवी होती. तुम्ही चिडलेल्या होता, म्हणून राहिली. मूळ हिब्रूत जे पाणी आहे ना, ते नदीचं नाही. जुन्या पाद्रीबुवांनी सरिता केली, बाकीच्यांनी ओढे केले, प्रवाह केले. पण तो शब्द माणसाने खणून काढलेल्या पाण्याचा आहे. शेतात नेलेल्या. आणि झाड आपोआप उगवलेलं नाही, आणून लावलेलं आहे. म्हणजे पाटच. अगदी नेमका. मी रोममध्ये पहिल्यांदा तो शब्द शिकलो, तेव्हा मला मास्तरांची ओळ आठवली. वर्गात सगळ्यांना सांगितलं मी, आमच्या गावात हे बरोबर आहे म्हणून."

"पपांना हिब्रूचं अक्षर येत नव्हतं."

"नव्हतं येत."

ज्या ओटीवर बसून पपा केळीपाशी चुकले होते, त्याच ओटीवर बसून पाट मात्र त्यांना अचूक दिसला होता. समोर होता म्हणून. एक घेऊन दुसरं टाकता येण्यासारखं नव्हतं ते.

"पण पाट आजच्या मुलांना माहीत नसेल ना?" तिने विचारलं.

"नाही माहीत."

"मग विचारतील. विचारलं तर सांगा. पाट राहील."

"पाट राहील," फादर म्हणाले आणि त्यांनी लिहिलं. *पाटाकडच्या झाडासारखा.* एलिनाने कागद आपल्याकडे वळवून एकदा वाचलं, मनातल्या मनात. 'पाटाकडच्या'पाशी ती थांबली. तिथे पपा होते. पुढच्या 'झाडा'पाशी नव्हते, तिथे लेस्ली होता, मागच्या बाकावरचा, चुकू नये म्हणून जपून पाऊल टाकणारा. उद्या कोणीतरी यालाही खोडेल. तिला त्याचं वाईट वाटलं नाही.

"थँक यू, फादर," ती म्हणाली.

"मला कशाला? मीच तुम्हाला..."

"असू दे. घ्या."

दोन नोव्हेंबरला संध्याकाळी दफनभूमी माणसांनी भरली होती. थडग्यांवर झेंडू आणि शेवंती, आणि वारा मेणबत्त्या टिकू देत नव्हता. मास्तरांच्या थडग्याशी स्टॅनी होता, त्याची बायको विनी, प्लासिडमामा खुर्चीवर. नवी पुस्तिका वाचायला फादरांनी स्टॅनीच्या मुलीला, ब्रिटनीला उभं केलं होतं. ती अंधेरीला कुठल्याशा कंपनीत कामाला होती आणि सुट्टी टाकून आली होती.

"आत्या, पाट म्हणजे एक्झॅक्टली काय गं?" माइककडे जाताजाता तिने विचारलं. "कोणी विचारलं तर?"

"विहिरीचं पाणी झाडांपर्यंत नेतात ती खणलेली वाट. प्लासिडमामांच्या ओटीसमोर होता."

"ओके. छान आहे शब्द," ब्रिटनी म्हणाली आणि गेली.

तिने वाचायला सुरुवात केली. फादर पाणी शिंपडत रांगेतून येऊ लागले. पुस्तिका हातात असूनही म्हाताऱ्यांपैकी कोणी तिच्यात बघत नव्हतं, त्यांना पाठ होतं. त्या ओळीपाशी आल्यावर माइकमधून झाड आलं, आणि दफनभूमीच्या निम्म्या भागातून केळ. दोन्ही एकदम. पोरं दचकून इकडेतिकडे बघू लागली. फादर लेस्लींनी पाण्याचं भांडं सांभाळत एलिनाकडे चोरून पाहिलं.

एलिना झाड म्हणाली होती. ठरवून, स्पष्ट आवाजात.

"झाड काय झाड?" प्लासिडमामांनी तिची बाही ओढली. कुजबुजायचं म्हणून ते बोलले, पण चार थडगी पलीकडे ऐकू गेलं. "कुठलं झाड?"

"कुठलंही, मामा. तुम्हाला हवं ते."

मामांनी क्षणभर विचार केला.

"मग केळ," ते म्हणाले.

"केळ," एलिना म्हणाली, आणि विझलेली मेणबत्ती पुन्हा पेटवायला खाली वाकली.